कानाडोळा केला की दिसते : मिराकच्या दक्षिणेची एनजीसी ३८३ आणि तिची माळ

‘डोळ्यांत तेल घालून पाहा’ असं सांगणाऱ्याने रात्री दुर्बिणीतून अंधूक दीर्घिका कधी शोधली नसावी. तिच्यावर नजर रोखली की ती नाहीशी होते. जरा कानाडोळा करावा, बाजूच्या ताऱ्याकडे पाहत असल्याचं सोंग आणावं, की ती हळूच परत येते.

हा लेख अशाच एका दीर्घिकेबद्दल आहे. एनजीसी (दीर्घिका, तेजोमेघ वगैरेंची जुनी सूची) मधली ही ३८३ क्रमांकाची दीर्घिका मीन राशीच्या हद्दीत, देवयानी तारकासमूहाच्या सीमेला लागून आहे. अंतर २० कोटी प्रकाशवर्षांहून थोडं जास्त. ताम्रसृतीवरून, म्हणजे तिचा प्रकाश तांबड्या बाजूला किती सरकलाय त्यावरून, तिचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ५,१०० किलोमीटर निघतो. ती भिंगाकार दीर्घिका आहे आणि एकटी नाही. उत्तर-दक्षिण पसरलेल्या सात-आठ दीर्घिकांच्या माळेतली ती सर्वांत ठळक. खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन आर्प यांच्या विचित्र दीर्घिकांच्या १९६६ च्या यादीत ही माळ ३३१ व्या क्रमांकावर आहे. २०० मिमी म्हणजे आठ इंची दुर्बीण आणि खरोखर काळोखी जागा मिळाली तर एका रात्रीत यातल्या तीन-चार दीर्घिका हाती लागतात.

आधी अपेक्षा ठरवा

भिंगाकार दीर्घिकेला मधोमध फुगवटा असतो, भोवती तबकडी असते, पण सर्पिल दीर्घिकेसारखे बाहू नसतात. नवे तारे घडवायला लागणारा थंड वायू बहुतेक संपलेला किंवा ओढून नेलेला, त्यामुळे उरले ते जुने, पिवळसर तारे. एडविन हबल यांनी १९३६ मध्ये लंबवर्तुळाकार आणि सर्पिल यांच्यामधला दुवा म्हणून एस-शून्य हा प्रकार मांडला, तोच हा. दाटीच्या ठिकाणी, म्हणजे दीर्घिकांच्या समूहांत, हा प्रकार जास्त आढळतो. तिथे शेजाऱ्यांशी होणारी ओढाताण आणि समूहातला तप्त वायू मिळून दीर्घिकेचा थंड वायू काढून घेतात.

निरीक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की बाहू शोधायला जाऊ नका. दिसणार आहे तो एक छोटा धुरकट ठिपका, मध्यभागी जरा उजळ आणि कडेला विरत जाणारा. हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. पण हीच गोष्ट आपल्या फायद्याची आहे. याच मीन राशीतली एम ७४ ही सर्पिल दीर्घिका कागदावर ९.४ प्रतीची आहे (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधूक), म्हणजे ३८३ पेक्षा जवळजवळ तीन प्रतींनी तेजस्वी. तरी जरा उजळ आकाशात ती अनेकांना दिसत नाही, कारण तिचा प्रकाश दहा कला रुंदीच्या चकतीवर पसरलाय. (एका अंशाच्या ६० कला, पूर्ण चंद्र साधारण ३० कलांचा.) ३८३ चा प्रकाश मात्र गाभ्याशी एकवटलेला आहे. यादीतला प्रतीचा आकडा पाहून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका, हे म्हणतो ते यासाठी.

आकड्यांतली आणखी एक मेख. दीर्घिकांच्या बऱ्याच याद्यांत निळ्या प्रकाशातली प्रत दिलेली असते. भिंगाकार दीर्घिका पिवळसर असल्याने त्यांची निळी प्रत डोळ्यांना जाणवणाऱ्या प्रतीपेक्षा जवळपास एकाने अंधूक येते. एका ठिकाणी ३८३ ची प्रत १३ च्या पुढे दिसते, दुसरीकडे १२.२ च्या आसपास. दोन्ही बरोबर आहेत. आपल्या कामाची दुसरी.

या दीर्घिकेच्या गाभ्यात सूर्याच्या सुमारे ४ अब्ज पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. चिलीतल्या अल्मा दुर्बिणींनी भोवतालच्या वायूची फिरकी मोजून हे २०१९ मध्ये ठरवलं. तिथून निघणारे रेडिओ झोत दीर्घिकेच्या कितीतरी बाहेर जातात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ तिला ३सी ३१ म्हणून ओळखतात. यातलं काहीही आयपीसमध्ये, म्हणजे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगात, दिसणार नाही. पण त्या ठिपक्याकडे पंधरा मिनिटं बघत बसायचं तर डोक्यात हे असलेलं बरं.

रात्र कोणती

ऑक्टोबर ते जानेवारी हा हंगाम. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हा भाग मध्यरात्री सर्वांत उंच असतो, डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास. चंद्र नको, अगदी चतुर्थीची कोरसुद्धा मावळल्यावरच सुरुवात करा.

हवा स्थिर आहे की नाही यापेक्षा स्वच्छ आहे की नाही हे इथे महत्त्वाचं. ग्रह पाहणारे स्थिर हवेसाठी जीव टाकतात. आपल्याला धूळ, धुकं आणि दमटपणा नको. त्याची घरगुती चाचणी डोक्यावरच आहे. महाश्व तारकासमूहाचा मोठा चौकोन पाहा आणि त्याच्या आत नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता येतात ते बघा. चार-पाचही दिसत नसतील तर त्या रात्री ३८३ चा नाद सोडावा आणि दुसरं काही पाहावं. मी हा नियम मोडून अनेक रात्री फुकट घालवल्या आहेत.

जागा ठरवताना आणखी एक अडचण लक्षात घ्या. ही दीर्घिका खगोलीय विषुववृत्ताच्या ३२ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच ठिकाणांहून ती जवळपास डोक्यावर येते. डॉब्सोनियन दुर्बीण, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, नेमकी तिथेच हट्टी होते. नळी सरळ वर रोखली की आडवं फिरवायला तरफच मिळत नाही. म्हणून ती माथ्यावर येण्याच्या तास-दीड तास आधी किंवा नंतर गाठा.

आकडेमोड, थोडीच

आठ इंची, १२०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण धरू. २५ मिमीचा आयपीस लावला की ४८ पट वर्धन आणि साधारण एक अंशाचं क्षेत्र मिळतं. हा शोधण्यासाठी. १२ मिमीचा लावला की १०० पट. ६० अंशी आयपीस असेल तर क्षेत्र ३६ कला. हा पाहण्यासाठी. सगळी माळ १४ कलांत बसते, म्हणजे १०० पटीतही ती अख्खी एका नजरेत मावते.

नवखे लोक अंधूक वस्तूसाठी कमीत कमी वर्धन वापरतात. ते चुकीचं आहे. ४८ पटीत आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत चार मिलिमीटरहून जाड असतो. दीर्घिका उजळ दिसते तसं आकाशही करडं दिसतं आणि ठिपका इतका बारीक राहतो की तारा वाटतो. वर्धन वाढवून झोत दोन मिलिमीटरवर आणला की पार्श्वभूमी काळी पडते आणि ठिपका डोळ्याला पकडता येईल एवढा मोठा होतो. झोताची जाडी म्हणजे दुर्बिणीचा व्यास भागिले वर्धन. २०० भागिले १०० म्हणजे दोन. तुमची दुर्बीण दुसरी असेल तर एवढं गणित करून आयपीस निवडा. तेजोमेघांसाठीचे फिल्टर डब्यातच राहू द्या. दीर्घिकेचा प्रकाश हा ताऱ्यांचा मिळून येणारा, सगळ्या रंगांचा; फिल्टर आकाशासोबत तिलाही मारतो.

नकाशा घरीच

स्टेलेरियमसारख्या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या संगणक प्रणालीत आपल्या दुर्बिणीचा आणि आयपीसचा आकडा भरून ३६ कलांचं वर्तुळ काढा, १४ व्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवा आणि कागदावर छापून घ्या. न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत चित्र अर्ध्या वर्तुळाने फिरलेलं असतं. कागद उलटा धरला की जमतं. आरशाचा कोन लावलेल्या अपवर्ती, म्हणजे भिंगाच्या, दुर्बिणीत मात्र डावं-उजवं बदलतं. तिथे कागद कितीही फिरवा, जुळत नाही; प्रणालीतच चित्र आडवं उलटवून छापावं लागतं.

नकाशावर दीर्घिकांचे क्रमांक पाहून गोंधळ होणार हे आताच सांगतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना क्रम असा लागतो : ३७९, ३८०, मग ३८३ आणि तिला चिकटून ३८२, मग ३८७, ३८६, ३८५, ३८४. यात कुणाची चूक नाही. १८८८ च्या एनजीसी सूचीत जॉन ड्रायर यांनी क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे दिले आणि ही माळ नेमकी त्याच्या आडवी आहे. माळ सरळ नसून धनुष्यासारखी वाकलेली, पोट पूर्वेला. त्यामुळे आधी आकडे वाढतात, पोटापाशी पोचल्यावर उलटे घसरतात. हे धनुष्य कागदावर पेन्सिलीने जोडून ठेवा. रात्री क्रमांक आठवत नाहीत, आकार आठवतो.

मिराक आणि तिचं भूत

काळोखात पोचल्यावर किमान अर्धा तास डोळे सरावू द्या. तेवढ्यात आरसाही हवेच्या तापमानाला येतो. लाल दिवा मंद ठेवा. मोबाइल एकदा पाहिला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

महाश्वाच्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. त्यातला दोन प्रतीचा तांबूस तारा म्हणजे मिराक. दुर्बीण त्यावर लावा. लगेच खाली सरकू नका, इथेच एक सराव आहे.

मिराकच्या वायव्येला फक्त सात कलांवर एनजीसी ४०४ आहे. तीही भिंगाकार, प्रत १०.३, पण अंतर फक्त एक कोटी प्रकाशवर्षं आणि आसपास कुणीही सोबती नाही. ताऱ्याच्या चकाकीत ती हरवते म्हणून तिला मिराकचं भूत म्हणतात. १०० पटीत मिराक क्षेत्राच्या कडेबाहेर जाईल इतकं सरकवा. मऊ गोल डाग दिसला की संशय येतोच : ही दीर्घिका की ताऱ्याचं आयपीसमधलं प्रतिबिंब? दुर्बिणीला हलका धक्का द्या. प्रतिबिंब ताऱ्याच्या मानाने जागा बदलतं, बऱ्याचदा उलट दिशेला पळतं. दीर्घिका ताऱ्यापासूनचं आपलं अंतर सोडत नाही.

हा डाग मनात नीट साठवा. मध्ये टोचल्यासारखा उजळ, बाहेर कुठे संपतो ते न कळणारा. हाच पोत तुम्हाला ३८३ मध्ये शोधायचा आहे, फक्त अर्ध्याहून लहान आणि बराच फिका. ४०४ सहज दिसत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी ४०४ आणि ३८३ दोन्ही १७८४ च्या सप्टेंबरमध्येच टिपल्या, त्यांच्या वीस फुटी दुर्बिणीतून, आणि दोन्ही ‘अंधूक’ या वर्गात टाकल्या. त्यांचा आरसा अठरा इंचांहून मोठा होता, पण धातूचा. आजचा दहा-बारा इंची काचेचा आरसा त्याच्याशी बरोबरी करू शकतो.

सव्वातीन अंश दक्षिणेला

मिराकपासून दक्षिणेला साडेपाच अंशांवर साडेचार प्रतीचा टाऊ पिशियम हा तारा आहे. सहा अंश दाखवणाऱ्या फाइंडरमध्ये (मुख्य दुर्बिणीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण) हे दोघे दोन टोकांना जेमतेम मावतात. त्यांना जोडणारी रेषा मनात काढा. तिच्या मध्यापासून किंचित टाऊच्या बाजूला या आणि तिथून पश्चिमेला पाऊण अंश सरका. फाइंडरचा मध्य इथे आणा. फाइंडरमध्ये दीर्घिका दिसणार नाही. आपण फक्त जागा गाठतोय.

पश्चिम कुठली हे कळत नसेल तर दुर्बीण सोडून द्या आणि बघत राहा. तारे क्षेत्राच्या ज्या कडेने बाहेर जातात ती पश्चिम. या भागात ते मिनिटाला जवळपास तेरा कला सरकतात, म्हणजे ३६ कलांचं क्षेत्र तीन मिनिटांच्या आत रिकामं होतं. मोटर नसेल तर दीर्घिका पूर्व कडेशी येईल अशी दुर्बीण लावून हात काढा आणि तिला क्षेत्र ओलांडू द्या. हलत्या हाताने पाहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

२५ मिमीच्या आयपीसमध्ये नकाशातले ठळक तारे जुळवा. एकेक त्रिकोण, एकेक जोडी. हे जुळल्याशिवाय १२ मिमी लावू नका. इथे घाई केली की पुढचा सगळा खेळ आंधळी कोशिंबीर होतो.

डोळा

आता खरं काम. डोळ्याच्या मध्यबिंदूवर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींची दाटी असते आणि मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी तिथे नसतातच. त्या आहेत बाजूला. म्हणून सरळ पाहिलं की दीर्घिका पुसली जाते. नजर थोडी बाजूला नेली की तिचा प्रकाश दंडपेशींवर पडतो.

पण कुठल्याही बाजूला नव्हे. प्रत्येक डोळ्याला कानाकडच्या बाजूच्या दृश्यात एक आंधळा ठिपका असतो. दीर्घिका त्यात गेली तर काहीच दिसणार नाही. ती नाकाच्या बाजूला पडली पाहिजे. उजव्या डोळ्याने पाहताना नजर दीर्घिकेच्या उजवीकडे ठेवा, डाव्याने पाहताना डावीकडे. म्हणजे नजर कानाकडे. ‘कानाडोळा’ हा शब्द इतका शब्दशः लागू पडणारं दुसरं काम मला माहीत नाही.

बसून पाहा. वाकून, मान ताणून, श्वास रोखून पाहणाऱ्याला एखादी प्रत कमीच दिसते असं माझं मत झालंय. डोक्यावरून आयपीसपर्यंत काळं कापड घ्या, दुसरा डोळा कापडाखाली उघडा ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. आयपीसवर श्वास मात्र सोडू नका. बाष्प धरलं की क्षेत्रातला प्रत्येक तारा दीर्घिका होतो. मग नळीच्या तोंडाशी बोटाने हलकी टिचकी मारा. चित्र थरथरतं आणि त्या थरथरीत एक ठिपका ताऱ्यांसोबत हलतो पण टोकदार होत नाही. दंडपेशी हालचाल चटकन पकडतात. टिचकी थांबली की तो जाईल, पुन्हा मारा, पुन्हा येईल. पाच-सात मिनिटांनी टिचकीशिवायही धरता येतो.

माळ ओवणे

पहिली दिसेल ती बहुधा ३८३. तिच्या उत्तरेला चार कलांवर, किंचित पश्चिमेला ३८०, गोलसर आणि जवळपास तेवढीच ठळक. ३८० च्याही उत्तरेला दोन-सव्वादोन कलांवर ३७९. ही जरा फिकी आणि नीट पाहिली तर उत्तर-दक्षिण लांबट वाटते. हे तिघं आठ इंचीत यायला हवेत.

मग दक्षिणेला उतरा. ३८३ पासून साडेपाच कलांवर ३८५ आणि तिच्या खाली पावणेदोन कलांवर ३८४. ही जोडी आठ इंचीत जेमतेम दिसणारी आहे. दिसली तर छान, नाही दिसली तर रात्रीला दोष द्या. ३८५ आणि ३८६ यांच्यात नवख्यांचा घोळ होतो. ३८६ जास्त वर, थोडी पूर्वेला आणि १४ प्रतीच्या पलीकडची. तिला दहा-बारा इंची लागते. ३८२ तर ३८३ ला अर्ध्या कलेवर खेटलेली आहे. सुरुवातीला ३८३ नैर्ऋत्येला फुगल्यासारखी वाटेल. १५० पटीवर नेलं की एखाद्या स्थिर क्षणी दोन गाभे सुटे होतात. हर्शेलना ही सोबतीण सापडली नव्हती. ती १८५० मध्ये लॉर्ड रॉस यांच्या ७२ इंची दुर्बिणीवर काम करणाऱ्या बिंडन स्टोनी यांनी नोंदवली. ३८७ साठी सोळा इंचांच्या खाली प्रयत्न करू नये.

यातली कुठली भिंगाकार आणि कुठली लंबवर्तुळाकार हे आयपीसमध्ये ठरवता येत नाही. ३७९, ३८३, ३८५ भिंगाकार आणि ३८० लंबवर्तुळाकार हे आपण सूचीवरून जाणतो. समोरून पाहिलेली भिंगाकार दीर्घिका लंबवर्तुळाकारासारखीच दिसते. प्रकाश मध्यापासून कडेकडे कसा उतरतो हे मोजल्यावर भेद कळतो. भिंगाचा आकार डोळ्यांनी पाहायचाच असेल तर वसंतात षडंश तारकासमूहातली एनजीसी ३११५ पाहा. ती कडेवरून दिसते, प्रत नऊच्या आसपास.

नोंद, आणि खोटी दीर्घिका

नकाशा न पाहता आधी चित्र काढा. वर्तुळ, ठळक तारे, मग डाग. ज्याची खात्री नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह. एक डाग नजर पूर्ण हटवून परत आल्यावर तीनदा त्याच जागी दिसला तरच तो नोंदीत घ्यायचा, हा माझा नियम. तो कसा सुचला तेही सांगतो. एका रात्री मी चार दीर्घिका मोजल्या, खुशीत घरी आलो आणि कागद जुळवला तर चौथ्या जागी दोन अंधूक ताऱ्यांची जवळची जोडी निघाली. हवा थरथरत होती, जोडी सुटी होत नव्हती. वर्धन वाढवून पाहिलं असतं तर पाच सेकंदांत कळलं असतं.

माझ्या वहीतली एक चांगली नोंद अशी आहे : ‘१०० पट. ३८३ तिरक्या नजरेने सतत, सरळ नजरेने अधूनमधून. मध्ये उजळ. ३८० तशीच, जरा लहान. ३७९ टिचकीने, तीनदा. ३८५? एकदाच. ३८२ नाही.’ ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ असं काही नाही. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून तुलना करायला हीच नोंद कामाला येते.

कॅमेरा लावणाऱ्यांसाठी थोडक्यात : २०० मिमीच्या दुर्बिणीत तीस-तीस सेकंदांच्या छायाचित्रांची तासभराची थप्पी लावली की ३८७ सकट सगळी माळ उमटते. गाभे जळू नयेत म्हणून एकेक छायाचित्र लांब करण्यापेक्षा संख्या वाढवा. बाहू नसल्याने रंगात फार खेळ नाही, सगळ्या पिवळट येतात, आणि त्या तशाच ठेवाव्यात.

माळ झाल्यावर डोळे सरावलेले असतानाच ३८३ पासून पूर्वेला साडेतीन अंश आणि उत्तरेला जवळपास एक अंश जा. तिथे एनजीसी ५०७ आहे. तीही भिंगाकार, तीही आपल्या समूहाची मुख्य, अंतर याच घरातलं, पण प्रत अकराच्या थोडी पुढे. ३८३ शी तासभर झुंजल्यावर ती इतकी सोपी वाटते की आधी हीच का नाही पाहिली असा प्रश्न पडतो. तिच्या उत्तरेला दीड कलेवर ५०८ आहे. टिचकी मारून बघा.